चालती गाडी मध्येच बंद पडते, तेव्हा आत काय होतं?

पाऊस सुरू झाला की गॅरेजच्या दारात दुचाकीवाल्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. "चालता चालता बंद पडते हो. मग दहा मिनिटं थांबलं की आपोआप चालू होते." अलीकडे त्याला एक शेपूट जोडलं जातं : "ते इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल आल्यापासूनच सुरू झालंय हे." मग ठिणगी पाडणारा प्लग बदलला जातो, हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर साफ होतो, बॅटरी नवी बसते, खिसा रिकामा होतो आणि पुढच्या रविवारी गाडी पुन्हा तिथेच उभी राहते.

माझी गाडी अशीच ताम्हिणी घाटात बंद पडली होती. मागे मुलगी बसलेली, धुकं उतरलेलं, वळणाच्या अलीकडे चढ आणि मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न. त्या दिवशी काही झालं नाही, पण ती पंधरा मिनिटं मी विसरलेलो नाही. त्यानंतर दोन वेळा प्लग बदलून झाला, कार्बोरेटर दोनदा उघडून झाला. शेवटी एका वयस्कर मेकॅनिकने पाना हातात न घेता विचारलं, "बंद कशी पडते? फटकन की आचके देत?" दोष पाच मिनिटांत सापडला. काय होता ते पुढे येईलच. पण तो प्रश्न मला त्या सगळ्या खर्चापेक्षा मोलाचा वाटतो, म्हणून हा लेख.

चुलीला लागतं तेच इंजिनाला लागतं

चूल पेटवायला तीन गोष्टी लागतात : लाकूड, हवा आणि काडी. इंजिनालाही पेट्रोल, हवा आणि ठिणगी लागते. ठिणगीला गॅरेजच्या भाषेत "करंट" म्हणतात. इंजिनाला चौथी गोष्ट लागते ती दाब. पिस्टन हवा-पेट्रोलचं मिश्रण घट्ट दाबतो आणि मग ठिणगी पडते. दाब नसेल तर ते मिश्रण नुसतंच भुरभुर जळतं, पिस्टनला ढकलत नाही.

आता वेगाचा हिशोब बघा. गाडी सिग्नलला नुसती धडधडत उभी असते तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण १४०० फेरे मारत असतं. दर दोन फेऱ्यांमागे एक स्फोट, म्हणजे मिनिटाला ७००, सेकंदाला जवळपास १२. मोटारीला बहुधा तीन-चार सिलिंडर असतात. एकाने दगा दिला तर बाकीचे ओढून नेतात. आपल्या रोजच्या बाईकला सिलिंडर एकच. ओळीने काही स्फोट चुकले की संपलं. एखाद-दुसरा चुकत राहिला तर गाडी झटके देते, त्यालाच "मिसिंग" म्हणतात.

म्हणजे बंद पडण्याची कारणं पन्नास असली तरी ती या चार दारांतूनच आत येतात. कुठलं दार, एवढं ठरवायचं असतं.

दिवा फुंकरीने विझला की तेल संपून?

देवघरातली समई दोन तऱ्हांनी विझते. वाऱ्याची झुळूक आली तर क्षणात. तेल संपलं तर आधी वात मंद होते, फडफडते, पुन्हा जरा उजळते आणि मग जाते. गाडीचंही अगदी तसंच असतं.

कुणी स्विच दाबावा तशी फटकन बंद पडली, तर संशय विजेवर. आधी पिकअप गेला, अॅक्सिलरेटर पिळला तरी ओढेना, आचके दिले आणि मग मान टाकली, तर संशय पेट्रोलवर. रस्त्यावर नीट पळते पण सिग्नलला अॅक्सिलरेटर सोडला की बंद होते, हा वेगळाच आजार. आणि गाडी कडक तापल्यावरच होत असेल, तर ती खूण सगळ्यांत मौल्यवान.

बंद पडल्या क्षणी आधी क्लच दाबा, मागे बघा आणि वेग शिल्लक आहे तोवर डावीकडे कडेला घ्या. थांबलात की किक मारायच्या आधी मीटरकडे एक नजर टाका. दिवे चालू आहेत की सगळंच मेलंय? त्या एका नजरेने निम्मं काम होतं.

फटकन बंद पडली : विजेचा मामला

मीटरसकट सगळं गेलं असेल तर शोध सोपा आहे : बॅटरीच्या खिळ्यावरची सैल तार, मुख्य फ्यूज, नाहीतर किल्लीचा स्विच. खड्ड्यात गाडी आपटली की बंद आणि पुढे पुन्हा चालू, असं होत असेल तर आधी बॅटरीचे स्क्रू हाताने हलवून बघा. दहा रुपयांचाही खर्च नाही, आणि कित्येकदा दोष तिथेच असतो.

हॅंडल पूर्ण डावीकडे किंवा उजवीकडे वळवलं की बंद पडते, अशी तक्रार असेल तर हॅंडलच्या मानेजवळून जाणारा तारांचा जुडगा बघायला सांगा. तिथल्या तारा हजारो वेळा वाकतात. वरचं आवरण शाबूत दिसतं आणि आतलं तांबं तुटलेलं असतं.

मीटर चालू आहे पण इंजिन गेलं, तर ठिणगीची साखळी तपासायची. सुरुवात अगदी साध्या गोष्टींपासून : हॅंडलवरचा, इंजिन बंद करणारा लाल किल स्विच चुकून दाबला गेलाय का? साइड स्टॅंडजवळचा छोटा स्विच चिखलाने भरलाय का? हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत स्टॅंड खाली असेल तर गिअर टाकताच इंजिन बंद होतं. ती सोय आपल्याच जिवासाठी आहे. पण त्या स्विचमध्ये चिखल गेला तर स्टॅंड वर असूनही गाडीला तो खाली वाटतो. ओळखायची खूण : न्यूट्रलला मजेत चालू, गिअर टाकला की बंद. नवी गाडी आडवी पडून उचलल्यावर चालू होत नसेल तर किल्ली बंद करून पुन्हा चालू करा. पडल्याचं ओळखणारा एक सेन्सर इंजिन मुद्दाम तोडतो, त्याला पुन्हा जागं करावं लागतं.

पावसात होणारा त्रास बहुतेक वेळा प्लगच्या टोपीचा असतो. प्लगला हजारो व्होल्टची वीज जाते. टोपीचं रबर चिरलेलं असेल तर ओलाव्यातून ती वीज प्लगपर्यंत न जाता इंजिनाच्या अंगावर उडी मारते. टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसली आणि गाडी चालू झाली तर नवी टोपी घ्या. पुसत बसू नका.

आचके देत बंद पडली : पेट्रोलचा मामला

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल टाकीतून स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. कार्बोरेटरच्या पोटात एक छोटी वाटी असते, तिथे ते साठतं. गच्चीवरच्या टाकीत तरंगणारा गोळा जसं पाणी थांबवतो, तसा तिथेही एक तरंगता तुकडा असतो. वाटी भरली की नळ बंद, उतरली की सुरू. टाकीखालचा कॉक (पेट्रोलचा नळ), जाळी, नळी यांत कुठेही कचरा अडकला तर वाटी भरण्याच्या वेगापेक्षा रिकामी होण्याचा वेग जास्त होतो. म्हणून गाडी गल्लीत नीट चालते आणि हायवेला पाच-सात मिनिटं पळवली की आचके देते.

कार्बोरेटरच्या गाडीत याची एक सोपी परीक्षा आहे. गाडी आचके देऊ लागली की चोक अर्धा ओढा. चोक हवा कमी करतो, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढतं. तेवढ्याने गाडी सावरली तर पेट्रोल कमी पडतंय. आणखी गुदमरली तर उलट, ते जास्त होतंय. परीक्षा झाली की चोक परत जागेवर. चोक ओढून घरापर्यंत दामटत नेली तर प्लग काळा पडणार.

नव्या गाडीत कार्बोरेटर नाही. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराबद्दलचा बीएस-६ चा नियम लागू झाला आणि रोजच्या वापराच्या गाड्यांतही फ्युएल इंजेक्शन आलं. म्हणजे टाकीत विजेवर चालणारा पंप, आणि तो साधारण ३ बार दाबाने पेट्रोल पिचकारीसारखं उडवतो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ बार हवा असते, त्यावरून अंदाज येईल. किल्ली फिरवल्यावर टाकीच्या बाजूने दोन-तीन सेकंद "घूंऽऽ" असा आवाज येतो तो या पंपाचा. आपली गाडी ठणठणीत असतानाच तो आवाज एकदा कान देऊन ऐकून ठेवा. बंद पडल्यावर तो आला नाही, तर फ्यूज, रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच), तार किंवा पंप यांपैकी काहीतरी गेलंय. सतत टाकी सुकवून चालवणाऱ्यांचा पंप लवकर जातो, कारण त्याला थंड ठेवण्याचं काम भोवतीचं पेट्रोलच करतं.

तापल्यावर बंद, निवल्यावर चालू : तीन चोर, चेहरा एकच

या ठिकाणी जरा थांबून सांगतो, कारण लोकांचा सर्वाधिक पैसा इथेच वाया जातो. अर्धा तास चालवली की बंद, पंधरा मिनिटं उभी केली की चालू. या वागण्यामागे तीन अगदी वेगळी कारणं असतात आणि बाहेरून ती हुबेहूब सारखी दिसतात.

पहिलं कारण टाकीचं झाकण. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल दोन-चार थेंब येऊन थांबतं, म्हणून आपण समोरासमोर दोन भोकं पाडतो : एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. पेट्रोलच्या टाकीलाही हवा आत जायला वाट लागते. जुन्या गाडीत ती झाकणातच असते, नव्या गाडीत अनेकदा वेगळी नळी असते. धूळ, गंज किंवा दुमडलेली नळी यांनी ती बुजली की पेट्रोल जसजसं खाली जाईल तसतशी टाकीत पोकळी तयार होते आणि एका क्षणी पेट्रोल उतरेनासं होतं. गाडी उभी केली की फटीतून हळूहळू हवा शिरते आणि गाडी पुन्हा चालू होते. म्हणजे उष्णतेचा यात काही संबंध नाही, फक्त वेळ जावा लागतो. ताम्हिणीत माझी गाडी बंद पडली ती यामुळे. बुजलेलं भोक साफ करायला एक बारीक तार पुरली.

दुसरं कारण कॉइल. ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलमध्ये केसासारख्या तारेचे वेढे असतात. कुठे तरी तार तुटायला आली असेल तर थंड असताना टोकं एकमेकांना टेकून राहतात आणि तापून सगळं प्रसरण पावलं की सुटतात. करंट गेला. निवलं की पुन्हा टेकतात. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटजवळ "पल्सर कॉइल" नावाची छोटी कॉइल असते, ठिणगी कधी पाडायची ते ती सांगते. तिचंही असंच होतं.

तिसरं कारण टॅपेट. इंजिनात हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी दोन दारं असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं आणि चौकटीत बसेनासं होतं ना? व्हॉल्व्ह लाकडाचा नसला तरी तापून लांबतो. त्या लांबण्यासाठी केसाच्या जाडीएवढी फट सोडलेली असते. ती फट जुळवण्याला "टॅपेट सेटिंग" म्हणतात. वर्षानुवर्षं ती बघितली नाही आणि फट संपली, तर तापल्यावर दार पूर्ण लागत नाही, दाब गळतो, गाडी सिग्नलला उभी राहिली की विझते आणि किकला पूर्वीसारखा जोर लागत नाही. किक हलकी लागणं ही या आजाराची खूण.

आता तिघांना वेगळं कसं करायचं? क्रम असा ठेवा आणि घाई करा, कारण गाडी निवली की पुरावा गेला. बंद पडताच टाकीचं झाकण उघडा. "फुस्स" आवाज झाला आणि गाडी लगेच चालू झाली, तर पहिला चोर. नाही झाली तर झाकण घट्ट लावा आणि करंट बघा. यासाठी तापलेल्या इंजिनातला प्लग काढायची गरज नाही. हात भाजतो आणि अॅल्युमिनियमचे आटे खराब होण्याची भीती असते. टूलकिटमध्ये एक जादा प्लग ठेवा. इंजिनावरच्या प्लगची टोपी काढून ती या जादा प्लगला लावा, प्लगचं धातूचं अंग इंजिनाच्या उघड्या धातूला पक्कं टेकवा, टोपीला रबराच्या बाजूने धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. भोवती सांडलेलं पेट्रोल नाही ना, हे आधी बघा. निळसर ठिणगी टचटच आवाज करत दिसायला हवी. प्लग धातूला न टेकवता सेल्फ मारू नका, झटका बसेल आणि गाडीचा इलेक्ट्रॉनिक भागही जळू शकतो. ठिणगी नसेल तर कॉइलकडे जा. ठिणगी आहे, पेट्रोलही येतंय, तरी चालू होत नाही, तर टॅपेट.

"हे सगळं ई-२० मुळेच ना?"

थोडं हो, बरंचसं नाही. ई-२० म्हणजे पेट्रोलमध्ये आकारमानाने २० टक्के इथेनॉल. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याची सुरुवात झाली आणि पुढे ते देशभर पोचलं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे मायलेज थोडं उतरणं हे गणितातच आहे. पण मायलेज उतरणं वेगळं आणि बंद पडणं वेगळं.

बंद पडण्याशी इथेनॉलचा संबंध येतो तो पाण्यातून. पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. इथेनॉल मात्र दोघांतही मिसळतं. थोडा ओलावा असेल तर इथेनॉल तो विरघळवून सोबत घेऊन जातं आणि तो जळणाबरोबर निघून जातो. खरं तर हे सोयीचंच. पण पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. पंपाचं आणि कॉकचं तोंड तळाजवळच असतं. इंजिनाला मग तो पाणेरी थर प्यायला मिळतो आणि गाडी आचके देत थांबते. बाटलीत तळाचा थर बघून लोक म्हणतात, "एवढं पाणी घातलं पंपवाल्याने!" त्या थरातला मोठा हिस्सा इथेनॉलच असू शकतो. पाणी त्याहून कमी असतं.

आणि पाणी नेहमी पंपावरूनच येतं असंही नाही. टाकीच्या झाकणाभोवती पावसाचं पाणी वाहून जायला एक छोटी मोरी असते. ती मातीने भरली की पाणी झाकणाभोवती साचतं आणि जुन्या रबरातून आत झिरपतं. गाडी पावसात उघडी उभी असते त्यांनी ही मोरी महिन्यातून एकदा तरी बघावी.

शंका असेल तर थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढा, विस्तवापासून दूर, आणि पंधरा-वीस मिनिटं न हलवता ठेवा. दोन थरांमध्ये रेघ दिसली तर टाकी रिकामी करून साफ करणं आलंच. पंपावर तक्रार करायची असेल तर ती बाटली आणि पावती जपून ठेवा.

जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांचा प्रश्न मात्र खरा आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण किंचित वाढवावं लागतं. इंजेक्शनची गाडी धुरातला ऑक्सिजन मोजून ते स्वतः जुळवून घेते. कार्बोरेटरचं भोक ठरलेल्या मापाचं, त्याला हे कळत नाही. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशरही इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात, आणि त्यांचे तुकडे पुढे जाऊन अडकतात. पंधरा-वीस वर्षांची गाडी असेल तर पेट्रोलला दोष देण्याआधी नळ्या आणि वॉशर बदलून घ्या. स्वस्तातलं काम आहे.

सिग्नललाच बंद पडते

अॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन एका अगदी बारीक वाटेने जगतं. कार्बोरेटरमध्ये ती वाट म्हणजे पायलट जेट, सुईच्या टोकाएवढं भोक. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडीतला (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागातला) हवेचा छोटा रस्ता. पहिल्यात चिकट मळ बसतो, दुसऱ्यात कार्बन. दोन्ही साफ करून घ्या. जेटमध्ये तार मात्र घालू देऊ नका, भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची पेट्रोल जास्त पिते. नुसता आयडलचा, म्हणजे उभ्या गाडीचे फेरे ठरवणारा, स्क्रू पिळून फेरे वाढवले तर चार दिवस बरं वाटेल, मूळ दुखणं तसंच राहील.

"नव्या गाडीला स्कॅनर लावला की कळतंच की"

काही गोष्टी कळतात. मीटरवरचा पिवळा इंजिनाचा दिवा पेटून राहिला असेल तर गाडीने कोड साठवलेला असतो आणि स्कॅनर तो वाचतो. सेन्सर, पंपाची तार, पेट्रोल उडवणारा इंजेक्टर अशा विजेच्या गोष्टी त्यातून समजतात. पण घट्ट झालेला टॅपेट, बुजलेली हवेची वाट, टाकीतलं पाणी, चिरलेली प्लगची टोपी, यांना सेन्सर नसतो. स्कॅनरवर दोष न दिसणं म्हणजे गाडी ठीक असणं नव्हे.

आणखी एक. बॅटरी मेली तरी जुनी गाडी बहुधा किकने चालू व्हायची. इंजेक्शनच्या गाडीचा पंप आणि कॉम्प्युटर विजेवरच जगतात. त्यामुळे ढकलूनही ती चालू होईलच असं नाही. बॅटरी निवांत असताना साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन जरा रेस केल्यावर १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. रेस करूनही आकडा वाढला नाही तर चार्जिंग होत नाहीये. नुसती बॅटरी बदललीत तर नवीही उतरेल.

चालू करायचा प्रयत्नच करू नये अशी वेळ

गाडी जड होत गेली, इंजिनातून करकर आवाज आला, मागचं चाक घसरलं आणि बंद पडल्यावर किक खाली जातच नाही, तर इंजिन जाम झालंय. बहुतेक वेळा ऑइल संपलेलं असतं. अशा वेळी सेल्फ मारू नका, गिअरमध्ये टाकून ढकलू नका. पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांना ओरबाडत असतात, प्रत्येक प्रयत्नाने खर्च वाढतो. टेम्पो बोलवा. आणि चालवताना जड वाटू लागलं तर चाक जाम होण्याआधीच क्लच दाबा, पडायचे वाचाल.

गॅरेजला जाताना

असले दोष गॅरेजमध्ये दिसत नाहीत, हा मेकॅनिकचाही नाइलाज असतो. रात्रभर निवलेली गाडी सकाळी त्याच्यासमोर एका सेल्फमध्ये चालू होते आणि तो अंदाजाने प्लग बदलतो. तापल्यावर बंद पडत असेल तर गाडी तापवूनच न्या. बंद पडली की मोबाइल काढून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या : मीटरचे दिवे, किल्ली फिरवल्यावर येणारा पंपाचा आवाज, सेल्फ मारल्यावर इंजिन कसं फिरतं ते. शेवटचं पेट्रोल कधी आणि कुठे भरलं, टाकीत किती होतं, पाऊस होता का, किती किलोमीटर चालवल्यावर बंद पडली, एवढं त्या व्हिडिओतच बोलून ठेवा. घरी पोचेपर्यंत निम्मं विसरायला होतं.